मन वळविणारा लेख कसा आखावा

दुसऱ्याचे मन वळविण्यासाठी लिहावयाचे असेल, तर लेखणी उचलण्यापूर्वी लेखाची आखणी केली पाहिजे. याचा उत्तम धडा पौलाने फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात सापडतो. पत्र अवघ्या २५ ओव्यांचे. मागणी मात्र मोठी. दुरावलेला दास अनेसिम याला धन्याने बंधू म्हणून स्वीकारावे, अशी ती आहे.

त्याची मांडणी पाहा. ओव्या ४ ते ७ यांत पौल फिलेमोनाच्या प्रीतीबद्दल देवाची उपकारस्तुती करितो. आज्ञा करण्याचा अधिकार असूनही ८ व ९ या ओव्यांत तो विनंतीच करितो. अनेसिमाचे नाव १० व्या ओवीपर्यंत येत नाही. धन्याच्या मनात नुकसानीचा विचार येईल हे ओळखून, १८ व १९ या ओव्यांत तो भरपाई स्वतःकडे घेतो.

आता असे समजा की, गावातील एका बापाने मुलीची शाळा बंद केली आहे व आपणांस त्याला लिहावयाचे आहे. प्रथम आपली मागणी एका वाक्यात लिहा. मग त्याची अडचण लिहा : खर्चाची की दूरच्या वाटेची? तिचे उत्तर शोधा. कारणे क्रमाने मांडून कच्चा खर्डा करा. दुसऱ्या दिवशी तो मोठ्याने वाचून दुखविणारे शब्द खोडा.

शेवटी स्वतःस विचारा : यातील ओझे मी किती उचलणार? मुलीसोबत ती वाट चालण्यास जो तयार नाही, त्याचा लेख कितीही सुंदर असला तरी दुबळाच होय.