शेवटच्या शाखेची खबर

पोरी, एक शाळा चालवणाऱ्याला स्वतःचे डोळे पुरतात. सकाळी व्हरांड्यातून एक फेरी मारली की कुठल्या वर्गावर शिक्षक नाही, कुठल्या नळाला पाणी नाही, हे दिसतं. तुझ्याकडे सचिव म्हणून आता अख्ख्या संस्थेच्या शाखा आल्या आहेत. एक अकोले तालुक्याच्या डोंगरात, दुसरी जामखेडच्या माळावर, आणि कार्यालय नगर शहरात. क्षेत्रफळाने आपला जिल्हा राज्यात सगळ्यांत मोठा, चौदा तालुक्यांचा. इथे डोळे पुरत नाहीत. म्हणून सचिवाचं पहिलं काम हे की, शेवटच्या शाखेत जे बिघडलंय ते कार्यालयात लवकर आणि खरं कळेल अशी घडी बसवायची. पुढे जे सांगतो ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

वाईट बातमी वर का येत नाही? कारण आणणाऱ्यालाच शिक्षा होते. "सर, यंदा पट घसरतोय" असं जो मुख्याध्यापक जूनमध्ये सांगतो, त्याची बदली होते. जो सप्टेंबरपर्यंत गप्प बसतो आणि ३० सप्टेंबरच्या पटावर कसंतरी भागवतो, त्याचं कौतुक होतं. संचमान्यता त्या पटावर ठरते, शिक्षकांची पदं त्यावर टिकतात, त्यामुळे मोह मोठा असतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने तीन दिवस राज्यभर पटपडताळणी केली, मुलांच्या बोटांना शाई लावली, तेव्हा लाखो नावं हजेरीपत्रकावर होती आणि वर्गात नव्हती. ती नावं एका रात्रीत घातलेली नव्हती. वर्षानुवर्षं शाखेत, संस्थेत, तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंड उघडलं नव्हतं. तू पहिल्याच मुख्याध्यापक सभेत स्वच्छ सांग की, पट घसरल्याचं आधी सांगणाऱ्याला संस्था मदत करेल आणि लपवणाऱ्याला जाब विचारेल. आणि मग तसं वाग. पहिल्या दोन वेळा तू कशी वागतेस, याकडे सगळ्या शाखांचं लक्ष असेल.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूला दिवाळीनंतर ऊसतोडीला घरंच्या घरं उठून जातात. त्या शाखांचा हजेरीचा आकडा आणि राहात्याच्या शाखेचा आकडा एका तक्त्यात शेजारी मांडून पाथर्डीच्या मुख्याध्यापकाला उभं करू नकोस. त्याला विचार, किती मुलं गेली, किती आजीजवळ राहिली, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत गेला का. सगळ्या शाखांना एकच माप लावलं की कागद खोटे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शाखेला भेट द्यायची तर न कळवता जा. कळवून गेलीस तर रांगोळी आणि शाल-श्रीफळ मिळेल, शाळा दिसणार नाही. प्रार्थनेच्या आधी पोच. मुलींचं स्वच्छतागृह आधी पाहा, मग पोषण आहाराचं तांदळाचं कोठार. शिपाईमामांशी आणि लिपिकाशी निवांत बोल. शाळेचं खरं त्यांना ठाऊक असतं. मग शेरेपुस्तक मागव. आधीच्या भेटीत कुणी काय लिहून गेलं आणि त्यातलं काय झालं, एवढंच बघ. तीन वर्षं तोच शेरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दिसला, तर दोष शाखेचा कमी आणि कार्यालयाचा जास्त समज. तुझा शेरा जाण्याआधी तिथेच लिही, तारीख घाल आणि मुख्याध्यापकासमोर वाचून दाखव. नगरला परतून पाठवलेल्या पत्राला ती धार राहत नाही.

आता सभेचं. आपल्याकडच्या संस्थांची वाट लागते ती बहुतेक इतिवृत्तात लागते. सभा तासात उरकते, चहा होतो, सह्यांचं रजिस्टर फिरतं आणि प्रोसीडिंग महिन्याने कुणीतरी निवांत लिहितं. जे बोललंच गेलं नाही ते त्यात येतं, आणि जे बोललं गेलं ते गळतं. तू ही सवय पहिल्या सभेपासून मोड. विषयपत्रिका संस्थेच्या घटनेत सांगितलेल्या मुदतीत, विषयांसकट, प्रत्येकाच्या हातात. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या कलमाखाली पैशाचा, जमिनीचा किंवा नेमणुकीचा विषय कधी घेऊ नकोस, अध्यक्ष कितीही मोठे असोत. ठराव सभेतच लिहून वाचून दाखव. सूचक, अनुमोदक, आणि कुणी विरोध केला असेल तर त्याचं नाव आणि कारणही. विरोध नोंदवला की भांडण वाढेल असं जुने लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्याचा विरोध लिहिला जातो तो माणूस सभेत राहतो. ज्याचा गाळला जातो तो धर्मादाय आयुक्तांकडे जातो. रजिस्टरच्या पानांना क्रमांक हवेत, आणि दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा नको.

पैशाबद्दल थोडकंच सांगतो, कारण नियम सरळ आहेत आणि मोडणाऱ्यालाही पाठ असतात. शाखेत आलेला रुपया पावतीशिवाय घ्यायचा नाही आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचा. धनादेशावर दोन सह्या, आणि कोरे धनादेश सही करून ठेवायचे नाहीत. एका शाखेची अंतर्गत तपासणी दुसऱ्या विभागातल्या लेखनिकाने करायची. ३१ मार्चला हिशेब बंद, पुढच्या सहा महिन्यांत लेखापरीक्षण. लेखापरीक्षकाने काढलेले आक्षेप पूर्तता अहवालासह सर्वसाधारण सभेपुढे वाच. नुसता ताळेबंद वाचून टाळ्या घेण्यात काही अर्थ नाही.

खरी कसोटी नेमणुकीत आहे. गावागावांत लोक कुजबुजत कशाबद्दल बोलतात, तुला माहीत आहे. इमारत निधीच्या नावाखाली उमेदवाराच्या बापाची दोन एकर विकली जाते, आणि तो शिक्षक पुढची तीस वर्षं त्या रागातून वर्गात उभा राहतो. मुलांचं यात किती नुकसान होतं, ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. २०१७ पासून शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, गुणवत्तेवर उमेदवार येऊ लागले, ते चांगलं झालं. संस्थेला मुलाखतीचा हक्क जिथे आहे तिथे मुलाखतीचे गुण त्याच दिवशी, समितीच्या सगळ्या सदस्यांच्या सह्यांनिशी बंद कर. आणि संध्याकाळनंतर कुणाचाही फोन घेऊ नकोस, माझासुद्धा.

सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी सगळ्या शाखांच्या फलकावर लागली पाहिजे. एकाच व्यवस्थापनाच्या सगळ्या शाळांची ती एकत्र असते, म्हणून अकोल्याच्या शिक्षकाला जामखेडच्या शिक्षकाचा क्रमांक दिसायला हवा. हरकती लेखी घे, उत्तर लेखी दे. मुख्याध्यापकपदाची अर्धी भांडणं इथेच मिटतात. जी मिटत नाहीत ती शाळा न्यायाधिकरणात जातात. कर्मचाऱ्याला काढलं तर तीस दिवसांत तो तिथे अपील करू शकतो, आणि संस्थांचे निर्णय तिथे फिरतात ते बहुतेक चौकशी नीट न केल्यामुळे. १९८१ ची नियमावली सांगते की चौकशी समिती तीन जणांची: एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. हा त्रास समजू नकोस. ज्याच्यावर आरोप आहे त्याचंही पूर्ण ऐकलं गेलं, हे बाकीच्या सगळ्या शिक्षकांना कळणं संस्थेला फार मोलाचं आहे. निवडणुकीत अमक्याचा प्रचार केला नाही म्हणून शिक्षकाची बदली लांबच्या शाखेत होते, तेव्हा त्या दिवसापासून सगळ्या शाखांमधून खरं येणं थांबतं.

आपल्या जिल्ह्याने बहुशाखीय संस्था जवळून पाहिल्या आहेत. जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाज इथलाच, १९१८ चा. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात निघाली, पण कोपरगाव, श्रीरामपूर, कर्जत इथे तिची महाविद्यालयं आहेत, आणि उत्तर विभागाचं कार्यालय नगरला. साताऱ्याचं मुख्य कार्यालय, मग विभाग, मग शाखा, अशी ती रचना. त्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, शिक्षकांतूनच आजीव सदस्य होतात आणि कारभाराच्या टेबलाशी बसतात. शिकवणाऱ्याचा आवाज तिथे पाहुणा नसतो. बॅरिस्टर पी. जी. पाटील संस्थेच्याच वसतिगृहात वाढले आणि पुढे संस्थेचे सचिव झाले, हे उगीच झालं नाही. दुसरी, मधल्या विभागाला अधिकार हवेत. विभागीय अधिकारी नुसता कागद वर पाठवत राहिला, तर एक पायरी वाढली आणि खबर आठ दिवस उशिरा आली, एवढंच होतं. किती रकमेपर्यंतची दुरुस्ती मुख्याध्यापकाने करायची, कितीपर्यंत विभागाने, त्यापुढे कार्यकारिणीने, हे एका पानावर लिहून प्रत्येक शाखेला दे. गळकं छप्पर नगरच्या सभेची वाट पाहत दोन पावसाळे काढतं, हे मुलांवर अन्याय करणारं आहे.

देणगीदारांचंही भाऊरावांकडून शिकावं. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचं नाव बदला, मोठी रक्कम देतो, असं म्हणणाऱ्याला त्यांनी साफ नकार दिला, हे महाराष्ट्रात सगळे सांगतात. देणगी घ्यावी, आभार मानावेत, नाव खोलीला द्यावं. देणगीदाराला नेमणुकीत आणि प्रवेशात जागा नाही, हे पावती देण्याआधी गोड शब्दांत सांगावं.

आता पालकांचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देते. म्हणून पुष्कळ संस्था तिची सभा कागदावरच घेतात. मला ते पटत नाही. सल्ला बंधनकारक नसेल, पण लांबच्या शाखेचं खरं तुला फुकट सांगणारी दुसरी जागा नाही. ऊस तोडून आलेली आई बोलायला उभी राहिली तर तिला मध्येच थांबवू नका, असं मुख्याध्यापकांना सांग. मुलींच्या तक्रारींची पेटी कुणाच्या किल्लीने उघडते आणि कधी उघडते, हे तू स्वतः विचार. या एका बाबतीत शाखेवर विसंबून राहू नकोस, आणि शाळेचं नाव खराब होईल या भीतीने पोलिसांकडे जायला एक दिवसही लावू नकोस. पॉक्सो कायद्यात कळवणं हे कर्तव्य आहे.

जमिनींचं राहिलं. आपल्याकडच्या कितीतरी शाळा गावकऱ्यांनी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. देणाऱ्याची तिसरी पिढी आता सातबारा काढून दारात उभी राहते. प्रत्येक शाखेचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि बक्षीसपत्र एका फायलीत आण. जिथे कागद नाही तिथे देणाऱ्या घरातले वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्याकडे जाऊन बस. आणि कुणी सांगेल की रस्त्याकडेची जागा गाळ्यांसाठी देऊन टाकू, तर लक्षात ठेव, सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विक्रीला आणि लांब मुदतीच्या भाड्याला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

येत्या सोमवारी कार्यालय उघडलं की धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा, ताजा उतारा मागव. त्यात विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत, कोण वारले, कुणाचा राजीनामा झाला, आणि मागच्या निवडणुकांचे बदल अर्ज मंजूर आहेत की पडून आहेत, ते ओळीने तपास. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज जायला हवा. तो राहिला की पाच वर्षांनी दोन कार्यकारिणी उभ्या राहतात, मुख्याध्यापकांच्या सहीचा वाद शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि शाखांचे पगार अडकतात. तुझ्या स्वतःच्या निवडीचा अर्जही त्याच आठवड्यात पाठव. वकिलाला सांगून ठेवलंय म्हणून थांबू नकोस, पोच हातात घे.