तिसऱ्या दिवशीचा ताप

रक्त दिलं त्या दिवशी मला ताप नव्हता, हे आधी सांगतो. लोणावळ्यात गणपतीत आमच्या मंडळाचं शिबिर होतं. अर्जावर भराभर ‘नाही, नाही’ लिहिलं, ३५० मिली रक्त दिलं, चहा घेतला आणि तासाभरात पुन्हा मांडवात. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, डोळ्यांमागे ठणका. मावळच्या पावसात भिजलं की ताप यायचाच, म्हणून गोळी घेतली. पाचव्या दिवशी तपासणीत डेंगी निघाला. तेव्हाही रक्तपेढीला कळवायचं सुचलं नाही. सुचलं ते सातव्या दिवशी.

फोनवरच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तांबड्या पेशींची पिशवी फ्रीजमध्ये होती, ती त्यांनी बाद केली. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात. त्या केव्हाच कुणाला तरी चढवल्या होत्या. ‘त्या पेशंटच्या डॉक्टरांना कळवतो,’ एवढंच त्या म्हणाल्या. तो माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, हे मला कळायची सोय नाही आणि नसावीच. पण रात्री जाग आली की तोच आठवतो.

डेंगीचा विषाणू ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीच रक्तात असतो. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया एवढ्यांसाठी तपासणी सक्तीची आहे. डेंगी, चिकुनगुन्या, झिका त्यात नाहीत. राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरमधल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात बरेच निघाले. झिका झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून रक्तदात्याने खरं सांगण्याला इतकी किंमत आहे.

अर्जातले प्रश्न वाचून उत्तरं द्या. डेंगी, चिकुनगुन्या झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यापासून सहा महिने थांबा. झिकानंतर चार, मलेरियानंतर तीन. घरात कुणी तापाने झोपलं असेल तर तेही शिबिरातल्या डॉक्टरांना सांगा. आणि रक्त दिल्यावर पंधरवड्यात ताप आला, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

आम्ही बॅगा, हेल्मेट वाटणं बंद केलं. भेटीपायी पोरं कालचा ताप लपवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता बिस्किटाच्या पुड्यावर रक्तपेढीचा नंबर चिकटवतो. गेल्या वर्षी कामशेतच्या एका पोराने दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्याच्या सगळ्या पिशव्या अजून पेढीतच होत्या.