गुन्हा कबूल केला, मग खटला कशाला?

'आरोपीने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली' अशी बातमी आपण नेहमी वाचतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं हमखास विचारतात, 'सर, कबूल केलंय ना, मग खटला कशाला?' कारण पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही.

हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आणि २६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे. कोठडीत मारहाण करून कबुली काढली, तर बाहेर कुणाला कळणार? 'मार पडेल म्हणून हो म्हणालो' हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही!

मग कुणी विचारेल, व्हिडिओ असेल तर? ऑस्ट्रेलियात रेकॉर्डिंगला फार महत्त्व आहे. १९९१ च्या मॅकिनी खटल्यापासून तिथे कोठडीतली नोंद नसलेली कबुली वादात आली, की न्यायाधीश ज्युरीला सावध करतात. आपल्याकडे मात्र कबुली कुणासमोर दिली ते आधी बघतात. पोलिसांनी मोबाइलवर टिपलेली कबुलीही बादच. दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेली चालते, पण 'कबुली देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते' हे त्यांनी आधी सांगायला हवं. आरोपी नको म्हणाला, तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. समजा, आरोपी म्हणाला, 'मी त्याला भोसकलं आणि चाकू विहिरीजवळ पुरला.' पोलीस पंचांना घेऊन गेले, चाकू निघाला. आता 'चाकू विहिरीजवळ पुरला' एवढंच न्यायालयात येतं, 'भोसकलं' गळतं. पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आखलेली ही रेषा आजही पाळली जाते. फळ्यावर वाक्य लिहून मुलांना कोणते शब्द खोडायचे ते विचारा, तास रंगतो. चाकूवरचं रक्त कुणाचं, तो याच गुन्ह्यात वापरला का, हे सरकारी पक्षाला वेगळं सिद्ध करावंच लागतं.

अपवाद आपल्याच राज्यात आहे. १९९९ च्या मकोका कायद्याच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने लेखी किंवा यंत्रावर नोंदवलेली कबुली पुराव्यात घेता येते. म्हणून बातमीत मकोका लागल्याचं वाचलं, तर वरचं उत्तर तसंच्या तसं देऊ नका.