फेलओव्हरनंतर लॉग आर्काइव्हमध्ये फट पडू नये म्हणून
१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या बऱ्याच भागात एकदम वीज गेली होती, आठवतंय? अशा वेळी मुख्य सर्व्हर बसला की स्टँडबाय काम हाती घेतो. कामोठ्यातल्या दुकानाचं बिलिंग चालू राहतं, पण लॉगच्या आर्काइव्हमध्ये फट राहू शकते.

का? पोस्टग्रेसमध्ये लॉग सहसा १६ एमबीच्या फाइल्समध्ये साठतो. आर्काइव्ह मोड 'ऑन' असेल, तर स्टँडबाय मुख्य होईपर्यंत काहीच आर्काइव्ह करत नाही. नंतरही फक्त स्वतः तयार केलेल्या फाइल्स पाठवतो. जुन्या सर्व्हरने न पाठवलेल्या फाइल्स राहूनच जातात. मधली एक जरी नसली, तरी जुन्या बॅकअपवरून रिस्टोअर तिथेच अडकतं. पुढची बिलं परत येत नाहीत.

मग करायचं काय?

१. स्टँडबायवर मोड 'ऑलवेज' ठेवा. आलेली प्रत्येक पूर्ण फाइल तोही आर्काइव्ह करेल. ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे.
२. दोघांचं आर्काइव्ह एकच असेल आणि त्याच नावाची फाइल आधीच तिथे असेल, तर मजकूर जुळवा. तोच असेल तर यशस्वी, वेगळा असेल तर एरर. जुनीवर नवी कधीच लिहू नका.
३. फेलओव्हर झाल्या झाल्या नवा बेस बॅकअप घ्या.
४. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा.

चौथी पायरी टाळू नका. फट आहे की नाही, ते तिथेच कळतं.