हुपरीची कडी आणि संगणकाचे रेखन

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव रौप्यनगरी म्हणून ओळखले जाते. येथील पैंजण देशाच्या अनेक प्रांतांत जातात. हा दागिना सहसा एकाच छपराखाली पुरा होत नाही. चांदी आटवणे, तार ओढणे, कड्या वळवणे, डाक लावणे, घुंगरू जोडणे, उजळा देणे ही कामे निरनिराळ्या हातांकडे, पुष्कळदा घरोघरी, वाटलेली असतात. चांदी तोलून द्यावयाची आणि तोलून घ्यावयाची, हा या धंद्याचा पाया. त्यामुळे मापातील चूक चित्रापुरती राहत नाही. ती कोणाच्या तरी हिशेबात तूट म्हणून उभी राहते.

दागिन्याचा नमुना संगणकावर रेखण्याची पद्धत आता जवाहिऱ्यांच्या व्यवसायात रुळली आहे. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सादर केली आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ काढता येऊ लागली. त्यानंतर दीर्घ काळ रेखणारा हात मात्र माणसाचाच होता. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभिकर्ता, ज्यास व्यवहारात एजंट म्हणतात, हे काम करू लागला आहे. साध्या भाषेत सांगितलेले काम तो पायऱ्यांत मोडतो आणि रेखन-आज्ञावलीतील अवजारांना स्वतः हाक देतो. अवजार कसे वापरावे हे त्याला मुख्यतः सोबतच्या माहितीपत्रिकेवरून कळते. नवख्या कारागिराला शंका आली तर तो शेजारच्या वडीलधाऱ्यास विचारतो. अभिकर्ता पुष्कळदा विचारत नाही. पत्रिकेत राहिलेली जागा तो अंदाजाने भरतो.

एका कडीचा हिशेब

समजा, १.२ मिलिमीटर जाडीच्या तारेची, मध्यरेषेवर ५ मिलिमीटर व्यासाची गोल कडी काढावयाची आहे. तारेची लांबी सुमारे १५.७ मिलिमीटर भरते. शुद्ध चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, तेव्हा कडीचे वजन सुमारे १८६ मिलिग्रॅम. अशा ६० कड्यांची साखळी साधारण २३ सेंटिमीटर लांब आणि ११.२ ग्रॅम वजनाची होते.

आता पत्रिकेत नुसते ‘आकार’ आणि ‘जाडी’ असे दोन शब्द लिहिले आहेत असे धरू. अवजाराने ५ ही त्रिज्या मानली तर वजन दुप्पट होते. १.२ हीसुद्धा त्रिज्या मानली तर तारेचा छेद चौपट होतो. दोन्ही चुका एकत्र आल्या की वजन आठपट, म्हणजे ६० कड्यांस जवळजवळ ९० ग्रॅम. ही भीती काल्पनिक नाही. ‘ओपनस्कॅड’ या प्रचलित आज्ञावलीत वर्तुळास नुसता आकडा दिला तर तो त्रिज्या समजला जातो. व्यास हवा असल्यास तसे निराळे सांगावे लागते.

कोनाचेही तसेच आहे. साखळीत एकाआड एक कडी ९० अंशांनी वळवावी लागते. काही आज्ञावल्या कोन अंशांत घेतात, काही रेडियनमध्ये. ९० रेडियन म्हणजे पुरे फेरे वजा जाता सुमारे ११६.६ अंश. कडी थोडी तिरकी दिसते, परंतु काम अडत नाही, कोणतीही सूचना येत नाही. आणि अशी मुकी चूकच सर्वांत महाग पडते. मेणाचा नमुना छापणाऱ्या यंत्राकडे बहुधा जाणाऱ्या ‘एसटीएल’ फाइलमध्ये तर परिमाणच नोंदलेले नसते. ५ मिलिमीटर कोणी ५ इंच म्हणून वाचले तर कडी १२७ मिलिमीटरची होईल. ती निदान डोळ्यांना दिसते.

दिसत नाही ती दुबार कडी. अवजाराचे उत्तर वेळेवर मिळाले नाही तर अभिकर्ता पुन्हा हाक देतो आणि पहिलीच्या जागी तंतोतंत दुसरी कडी उमटते. पडद्यावर एकच दिसते, वजनाच्या बेरजेत मात्र दोन येतात. म्हणून प्रत्येक कडीस ओळखक्रमांक असावा, आणि त्याच क्रमांकाने पुन्हा हाक आल्यास नवी कडी न काढता जुनीच परत द्यावी. हे पत्रिकेत स्पष्ट लिहिलेले हवे.

पत्रिकेचा मजकूर

वरील अवजाराची पत्रिका अशी लिहिता येईल: ‘तारेची एक बंद गोल कडी काढते. उघडी कडी किंवा आकडा काढण्यासाठी हे अवजार वापरू नये. मध्यव्यास, म्हणजे तारेच्या मध्यरेषेचा व्यास, मिलिमीटरमध्ये द्यावा. तारव्यास मिलिमीटरमध्ये द्यावा; तो मध्यव्यासाच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावा. कल अंशांत द्यावा. न दिल्यास शून्य धरला जाईल. उत्तरात कडीचा ओळखक्रमांक आणि घनफळ मिळेल.’

एकतृतीयांशाची अट कारागिराच्या अनुभवातली आहे. कडीच्या पोटातून शेजारच्या दोन कड्यांच्या तारा जावयाच्या असतात. तेवढी जागा उरली नाही तर साखळी गुंफताच येणार नाही. अट मोडली असता ‘माप चुकीचे’ एवढाच निरोप देणे म्हणजे दार लावून घेणे होय. ‘५ मि.मी. मध्यव्यासास २ मि.मी. तार जाड आहे, १.६ मि.मी.पर्यंतची द्यावी’ असे सांगितल्यास अभिकर्ता पुढच्याच हाकेत चूक सुधारू शकतो.

उत्तरात घनफळ मागण्याचे कारण तोलाशी निगडित आहे. घनफळास घनतेने गुणले की अपेक्षित वजन निघते. त्या मापाची एक कडी चांदीत वळवून बारीक तराजूवर ठेवावी. काटा १८६ मिलिग्रॅमच्या आसपास थांबला तरच उरलेल्या एकोणसाठ कड्यांची तार ओढावयास घ्यावी.