सावकारी पेढी ते उद्योगसमूह : मुरुगप्पा घराण्याचा धडा

चेन्नईच्या पॅरीज कॉर्नर येथील 'डेअर हाऊस' ही वास्तू मुरुगप्पा उद्योगसमूहाचे मुख्यालय म्हणून ओळखली जाते. या समूहाचा आरंभ मात्र 1900 मध्ये ब्रह्मदेशातील सावकारी पेढीने झाला. संस्थापक दिवाणबहादूर ए. एम. मुरुगप्पा चेट्टियार (1884-1949) हे तमिळनाडूतील पल्लत्तूरचे. नाट्टुकोट्टई चेट्टियार समाजातील हा तरुण किशोरवयातच पेढीचे काम शिकण्यासाठी समुद्रापार गेला.

पतपुरवठ्याची व्यवस्था

दक्षिण ब्रह्मदेशात भातशेतीचा विस्तार होत होता. परंतु शेतकऱ्याला बँका कर्ज देत नसत. ही उणीव चेट्टियार पेढ्यांनी भरून काढली. आप्तेष्टांच्या ठेवी, हुंडीचे व्यवहार आणि ठरावीक मुदतीसाठी पाठविलेले गुमास्ते हे तिचे आधार होते. कर्जाला तारण असे ते जमिनीचे.

मंदीचा आघात

1929 नंतरच्या जागतिक मंदीत तांदळाचे भाव कोसळले व कर्जे थकली. प्रमुख भातउत्पादक जिल्ह्यांत चेट्टियारांकडील जमिनीचे प्रमाण 1930 मधील सुमारे 6 टक्क्यांवरून 1938 पर्यंत 25 टक्क्यांवर गेले. वरकरणी ही संपत्तीची वाढ होती. वस्तुतः खेळते भांडवल न विकल्या जाणाऱ्या जमिनीत अडकले होते. शेतकरी भूमिहीन झाला, तर सावकार त्याच्या रोषाचा धनी झाला. 1942 मधील जपानी आक्रमण आणि 1948 चा जमीन राष्ट्रीयीकरण कायदा यांमुळे अनेक पेढ्यांची आयुष्यभराची कमाई बुडाली.

मुरुगप्पा चेट्टियारांनी तत्पूर्वीच, 1930 च्या दशकात, आपले भांडवल भारतात वळविण्यास प्रारंभ केला होता. पुढील पिढीने ते कारखानदारीत गुंतविले. 1949 मध्ये परदेशी कंपनीच्या सहकार्याने टीआय सायकल्स, 1954 मध्ये सँडपेपरसारखी अपघर्षक साधने बनविणारी कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी उभी राहिली. आयातीवरील निर्बंधांच्या काळात देशी उत्पादनाला संरक्षित बाजारपेठ लाभली. 1981 मध्ये ईआयडी पॅरी ही जुनी कंपनीही समूहात आली.

वारशाचा प्रश्न

नात्यातील विश्वास हे कौटुंबिक व्यवसायाचे भांडवल होय. पण तीच त्याची मर्यादाही ठरू शकते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. कंपनीच्या संचालकपदाची निवड मात्र भागधारकांच्या मतांवर होते. 2020 मध्ये समूहाच्या अंबाडी इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीत दिवंगत ज्येष्ठ सदस्याच्या कन्येची संचालकपदी नियुक्ती भागधारकांनी नाकारली. कौटुंबिक वाद जाहीरपणे पुढे आला. 2023 मध्ये समझोता झाला.

विद्यार्थ्यांनी यातून दोन भेद ध्यानात घ्यावेत : संपत्ती आणि रोखता यांतील, तसेच मालकी आणि व्यवस्थापन यांतील. पहिला भेद वेळीच ओळखल्याने हे घराणे तरले. दुसऱ्याने मात्र त्याच घराण्याची कसोटी पाहिली.