आधी गाणी, मग यंत्र

कारंजा (लाड)

चि. भाचीस,


पत्र पोचले. शिष्यवृत्तीच्या पैशांतून गाणी ऐकायला वेगळे यंत्र घ्यायचे तुझ्या मनात आहे आणि घरचे म्हणतात, हातात मोबाइल असताना हा खर्च कशाला. मला तुझे म्हणणे पटते. रिसोडहून वाशिमला एसटीने जाता-येता तू रोज ऐकतेस, पण विलंबित खयाल रंगात येतो न येतो तोच वर्गाच्या ग्रुपवर कुणाचा तरी निरोप वाजतो, बोट तिकडे जाते आणि राग सुटतो. मध्यमा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीचे असल्या तुटक ऐकण्याने भागायचे नाही. तेव्हा घे. मात्र दुकानाची पायरी चढण्याआधी काय ऐकायचे त्याची यादी कर. यंत्र त्या यादीवरून ठरते.

ॲपवर ‘डाउनलोड’ केलेले गाणे आपले झाले असे तुला वाटत असेल, तर तसे नाही. ते त्या ॲपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की तेही थांबते. नव्या यंत्रात टाकायला खरी फाइल हवी. गुरुजींकडच्या सीडी त्यांना विचारून संगणकावर उतरवून घे, काही विकत घे. पन्नास ध्वनिमुद्रणे नीट निवडलीस तरी वर्षभर पुरतील. मोठ्या गायिकांचे गाणे तुला शिकायचे आहे, म्हणून त्यांत हिराबाई बडोदेकर आणि किशोरीताई आमोणकर भरपूर असू देत. यादी झाली की मग यंत्र.

अ‍ॅपलने २००१ च्या ऑक्टोबरात पहिला आयपॉड आणला. पाच जीबीत हजार गाणी खिशात, ही त्याची ख्याती. मे २०२२ मध्ये कंपनीने आयपॉड बंद केले, पण यंत्रांची ही जात संपलेली नाही. सोनीचे वॉकमन अजून निघतात, फिओ आणि हायबाय या चिनी कंपन्यांची यंत्रे मिळतात, शिवाय साधी बटणांची स्वस्त यंत्रेही आहेत. महागड्या यंत्राच्या खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. त्यांना भुलू नकोस. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे आपल्याला मिळाले ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. त्या तबकडीत जे उतरलेच नाही, ते कोणतेही यंत्र बाहेर काढू शकत नाही. ३२० केबीपीएसची एमपीथ्री तुला पुरेशी आहे. तिला मिनिटाला अडीच एमबीच्या आत जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात दोनशेहून अधिक तास मावतात.

कार्ड घालायची खाच असलेलेच यंत्र घे, म्हणजे यंत्र बिघडले तरी गाणी हातात राहतात. कार्ड मात्र बिलासह, चांगल्या दुकानातून. आठवडी बाजारात ५१२ जीबी छापलेले कार्ड कवडीमोलाने मिळते. त्यात खरी जागा थोडीच असते, पुढच्या फाइलींची नुसती नावे दिसतात आणि त्या वाजत नाहीत. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून शेवटची फाइल वाजवून बघ.

दुकानात तीन फाइली घेऊन जा. एकीचे नाव देवनागरीत लिही. कित्येक स्वस्त यंत्रांना मराठी अक्षरे येत नाहीत, पडद्यावर नुसते चौकोन उमटतात. दुसरी तासाभराची असू दे. ती मध्यावर थांबव, यंत्र बंद करून पुन्हा चालू कर. जिथे सोडली तिथूनच सुरू व्हायला हवी, नाहीतर एसटीतून उतरलीस की दरवेळी आलाप पहिल्यापासून. तिसरी फाइल तानेची. तिच्यावर ‘ए-बी रिपीट’ करून बघ: तान सुरू होताना एकदा बटण दाबायचे, संपताना पुन्हा, मग तेवढाच तुकडा फिरत राहतो. माझ्या मते विद्यार्थ्यासाठी यासारखी सोय नाही, आणि ती पुष्कळदा साध्याच यंत्रात असते. एकच तान वीसदा ऐकली की ती कुठे वळते, गायिकेने श्वास कुठे घेतला, हे कळू लागते. बटणे खरी, बोटाला जाणवणारी हवीत, म्हणजे पिशवीत हात घालून न बघता थांबवता येते.

पैसे वाचवायचे असतील तर यंत्रात वाचव, इअरफोनमध्ये नको. तारेचे घे. ब्लूटूथवर आवाज पुन्हा आकसून पाठवला जातो, वर आणखी एक वस्तू चार्ज करत बसावी लागते. कानात घट्ट बसणारे, रबरी टोपीचे असावेत. एसटीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज चढवतो आणि तिथेच कान बिघडतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, अशी मर्यादा सांगितली आहे. बाहेरचा गोंगाट अडला की कमी आवाजातही मंद्र सप्तक स्वच्छ ऐकू येते. तुझे सगळे शिक्षण या दोन कानांवर आहे. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात यंत्र पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, बॅटरी फुगते.

सारेगामाचे ‘कारवाँ’ घ्यावे का, असेही विचारलेस. पाच हजार गाणी आधीच भरलेले हे यंत्र २०१७ मध्ये आले. तुझ्या आजोबांसाठी उत्तम, पण तिथली निवड दुसऱ्याची आहे. तुझी तू करायची आहेस.

त्या निवडीत एक गोष्ट मी आग्रहाने घालतो. तुझ्या घरच्या आजींना जात्यावरच्या ओव्या येतात, त्या कोणत्याही दुकानात मिळायच्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून त्यांतल्या कित्येक आज ‘परी’ या ऑनलाइन संग्रहात वाचता-ऐकता येतात. आपल्या जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या तांड्यांवर होळीला लेंगी गातात, तीही गाणाऱ्यांची परवानगी घेऊन टिपण्यासारखी आहे. या कामाला मोबाइलच वापर, स्वस्त यंत्रातला माइक कच्चा असतो. पंखा बंद कर, मोबाइल घडी घातलेल्या पातळावर हातभर अंतरावर ठेव आणि आधी आजींचे नाव, माहेर, साल बोलून घे. त्या थांबल्या तर थांबू दे, मधे बोलू नकोस. एक प्रत कार्डात, दुसरी संगणकावर ठेव.

यंत्र दिवाळीला घेतलेस तरी चालेल. आजींचे ध्वनिमुद्रण मात्र याच रविवारी कर.

तुझा,
मामा